गिटारच्या अॅम्पमधून कीबोर्ड वाजवताना

कीबोर्ड गिटारच्या अॅम्पला (आवाज मोठा करणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या पेटीला) जोडू नये, असा सल्ला दुकानदारापासून साउंडवाल्यापर्यंत सगळेच देतात, आणि पियानोचा टोन लावून तो तपासून पाहिला तर कोणालाही पटावा इतका तो बरोबर आहे. अडचण एवढीच की आजच्या कीबोर्डमध्ये एकटा पियानो नसतो. त्यात शेकडो टोन असतात, आणि त्यांपैकी काही ज्या मूळ वाद्यांवरून घेतले आहेत ती वाद्ये जन्मापासून अशाच अॅम्पमधून बोलत आली आहेत. त्यामुळे हा प्रश्न सबंध कीबोर्डला एकदाच विचारण्याचा नाही, प्रत्येक टोनला वेगळा विचारण्याचा आहे, असे माझे मत होत गेले. त्या मतामागची कारणे आणि त्यातून ठरत गेलेली जोडणी येथे मांडतो.

इंदूरमध्ये आमचा जो हौशी वाद्यवृंद आहे त्याचे बहुतेक कार्यक्रम गणेशोत्सवात, राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर अशा मराठी वस्त्यांतल्या मांडवांमध्ये होतात. पूर्वार्धात भावगीते आणि नाट्यपदे, उत्तरार्धात सत्तरच्या दशकातली हिंदी चित्रपटगीते, हा क्रम श्रोत्यांनीच ठरवून दिलेला आहे आणि तो मोडण्याची आमची छाती नाही. याचा अर्थ असा की एकाच कीबोर्डवर मला आधी पेटी, पायपेटी, बासरी आणि तंतुवाद्यांचा पट वाजवायचा असतो, आणि मध्यंतरानंतर इलेक्ट्रिक ऑर्गन, इलेक्ट्रिक पियानो आणि सिंथेसायझरची लीड. पहिल्या गटाला गिटारचा अॅम्प मारून टाकतो. दुसऱ्या गटाला तो नसेल तर प्राण येत नाही.

आधी मारून कसा टाकतो ते पाहू. गिटारचा अॅम्प हा आवाज जसाच्या तसा मोठा करण्यासाठी बनवलेलाच नसतो. नेहमीप्रमाणे लावलेल्या इलेक्ट्रिक गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झला (सेकंदाला ८२ कंपने) बोलते, आणि तिच्या उपस्वरांपैकी ५,००० हर्ट्झच्या पलीकडचा भाग, विशेषतः आवाज फाटवलेला (अॅम्पला कुवतीबाहेर ढकलून खरखरीत केलेला) असताना, कानाला बोचतो. म्हणून स्पीकरही तेवढ्याच पट्ट्यापुरता घडवलेला असतो. सेलेस्टियनच्या ‘व्हिंटेज ३०’ या सर्वपरिचित बारा इंची स्पीकरचा पल्ला कंपनी स्वतःच ७० ते ५,००० हर्ट्झ असा देते. ट्विटर (वरच्या स्वरांचा वेगळा छोटा स्पीकर) नसतो, आणि तो नसणे ही कसर नव्हे, योजना आहे. याउलट पियानोची सर्वांत डावीकडची पट्टी २७.५ हर्ट्झची, उजवीकडची शेवटची ४,१८६ हर्ट्झची, आणि हातोडी तारेवर पडताना उमटणारा जो बारीक टणत्कार आपल्याला पियानो ओळखायला लावतो, त्याचा बराचसा भाग त्याच्याही वर असतो. खालचे दीड सप्तक आणि वरचा टणत्कार कापून टाकला की मधे जे उरते त्याला आमचा साउंडवाला ‘डब्बा आवाज’ म्हणतो. “भिया, इसमें तो डब्बा आवाज आएगी,” हे त्याचे वाक्य पियानोपुरते मी विनातक्रार मान्य करतो.

स्पीकरच्याही आधी, टोनच्या नॉबांपाशीच, आणखी एक गोष्ट घडते. बेस, मिडल आणि ट्रेबल हे तिन्ही नॉब मध्यावर ठेवले म्हणजे आवाज सपाट जात असेल, असे हाय-फाय ऐकलेल्या माणसाला वाटते. फेंडर पद्धतीच्या सर्किटात तसे होत नाही. नॉब मध्यावर असताना मधले स्वर चांगलेच खचलेले असतात, कारण गिटारला ते तसे शोभतात. सपाटाच्या जवळ जायचे असेल तर बेस आणि ट्रेबल शून्यापाशी आणून मिडल पूर्ण उघडावा लागतो. दिसायला ही मांडणी विचित्र दिसते आणि तालमीला आलेला प्रत्येक गिटारवादक ते नॉब गुपचूप ‘नीट’ करून जातो, परंतु कीबोर्डसाठी सुरुवात तिथूनच करावी. त्यातच अनेक कॉम्बो अॅम्पची (अॅम्प आणि स्पीकर एकत्र असलेली) पेटी मागून उघडी असते. स्पीकरच्या पुढची आणि मागची लहर खालच्या स्वरांत एकमेकींना खाऊन टाकतात, आणि डाव्या हाताने वाजवलेला खर्ज जवळपास नाहीसा होतो.

असे असूनही गिटारचा अॅम्प कीबोर्डच्या इतिहासातून बाहेर काढता येत नाही. रोड्स या इलेक्ट्रिक पियानोत प्रत्येक सुरासाठी धातूची एक बारीक काडी असते, तिच्यावर हातोडी पडते, आणि तिच्या टोकासमोर गिटारला असतो तसाच चुंबक आणि वेटोळ्याचा पिकअप (कंपनाचे विजेत रूपांतर करणारा भाग) असतो. म्हणजे विजेच्या भाषेत ते वाद्य गिटारच्याच कुळातले आहे. त्याच्या ‘स्टेज’ नावाच्या नमुन्यात स्वतःचा अॅम्पही नव्हता, तो वादकाने आणायचा; आणि वादकांनी बहुतांशी जो आणला तो फेंडरचा ट्विन रिव्हर्ब, १९६३ साली आलेला, दोन बारा इंची स्पीकरांचा, ८५ वॉटचा गिटार अॅम्प. आपल्या कानात ‘इलेक्ट्रिक पियानो’ म्हणून जो गोलसर, दाबून वाजवला की किंचित गुरगुरणारा आवाज बसला आहे, त्यात काडी आणि पिकअपइतकाच त्या अॅम्पचा वाटा आहे.

हॅमंड ऑर्गनची गोष्टही याच वळणाची. १९३५ साली आलेल्या या वाद्याला डॉन लेस्ली यांनी जी फिरती पेटी दिली तिच्यात ४० वॉटचा व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) अॅम्प असतो, ८०० हर्ट्झच्या वरचे स्वर फिरत्या भोंग्यातून आणि खालचे फिरत्या पिंपातून बाहेर पडतात, आणि पातळी वाढवत नेली की व्हॉल्व्हवर ताण येऊन आवाज फाटू लागतो. डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडच्या जॉन लॉर्ड यांनी आपला हॅमंड मार्शलच्या गिटार अॅम्पमधून वाजवला, तेव्हा गिटारच्या शेजारी उभे राहून तिच्याच तोडीने गर्जणारा ऑर्गन जन्माला आला. आणि इतके लांब जायचे नसेल तर १९५४च्या ‘नागिन’मधली बीन आठवावी. ती कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर वाजवली होती. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच अभियंत्याने १९४७मध्ये घडवलेल्या त्या वाद्याचा छोटा कळफलक एक आणि अॅम्प्लिफायर-स्पीकरची पेटी दुसरी, अशी जोडीच होती. ती पेटी हाही वाद्याचाच भाग होता. अॅम्प वगळून नुसता कळफलक असे त्या काळी कोणी कल्पिलेच नव्हते.

कीबोर्डमध्ये साठवलेला ऑर्गन किंवा रोड्सचा टोन हा पुष्कळदा या जोडीतला अर्धाच भाग असतो. काही उत्पादक अॅम्पची नक्कल आतच पुरवतात, आणि नॉर्ड इलेक्ट्रोसारख्या महागड्या कीबोर्डांत ती चांगलीही असते. परंतु आपल्याकडच्या वाद्यवृंदांत फिरणाऱ्या मध्यम किमतीच्या कीबोर्डांत हे टोन स्वच्छ, कडेने कोरलेले आणि थोडे निर्जीव असतात. सिंथेसायझरच्या करवती लहरीला तर मुळात कसलेच शरीर नसते. अशा टोनवर स्पीकरच्या ५,००० हर्ट्झच्या उताराचे जे संस्कार होतात ते नुकसान म्हणून मोजू नयेत. स्वस्त डिजिटल टोनमध्ये वरच्या पट्टीत जी काचेची किरकिर असते ती तिथे गळून पडते, मधला भाग पुढे येतो, आणि गायकाच्या आवाजाशी न भांडता ऑर्गन त्याच्यामागे उभा राहतो.

आता ज्या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे तो सांगतो, कारण आपल्याकडच्या सुरांच्या जाणकारांना त्यात रस वाटेल. अॅम्प फाटवला, म्हणजे त्याला त्याच्या कुवतीबाहेर ढकलले, की तो दोन स्वर एकत्र आल्यावर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही निर्माण करतो. वजाबाकीचा स्वर खर्जात पडतो आणि कोणीही न वाजवता तो ऐकू येतो. पांढरी एकचा मध्य षड्ज २६१.६ हर्ट्झ आहे आणि तिथला पंचम ३९२. या दोघांतला फरक १३०.४, म्हणजे मंद्र षड्जाच्या (१३०.८) इतका जवळ की कानाला तो षड्जच वाटतो. सा-प धरला आणि अॅम्प फाटवला की खाली कोणी तरी षड्ज भरतो आहे असे वाटते ते यामुळेच. रॉक गिटारवादक दोन बोटांत नुसता सा-प धरून अख्खे गाणे का काढतात, याचे उत्तर याच वजाबाकीत आहे.

मग गंधार घेऊन पाहावा. कीबोर्डचा शुद्ध गंधार ३२९.६ हर्ट्झचा असतो. त्यातून षड्ज वजा केला तर ६८ उरतात. अतिमंद्र षड्ज मात्र ६५.४ला आहे. हा फरक सा आणि कोमल रे यांतल्या अंतराच्या निम्म्यापेक्षाही जास्त भरतो, म्हणजे आपण सा-ग वाजवतो आहोत आणि खाली अॅम्प एक धड सा नाही आणि धड कोमल रे नाही असा स्वर घोळवत बसला आहे. पेटीचा गंधार चढा असतो ही जुनी तक्रार आपण सगळ्यांनी गुरुजींकडून ऐकलेली असते, आणि नुसत्या पेटीवर ते जादा १४ सेंट (सा ते कोमल रे हे अंतर १०० सेंटांचे) बऱ्याच कानांना पचतात. पण फाटलेला अॅम्प ती चूक उचलून खर्जात नेतो आणि तिथे ती ६७ सेंटांची होऊन बसते. तंबोऱ्यातून निघणारा स्वयंभू गंधार या हिशेबात चोख बसतो: त्याची कंप्रता ३२७ येते, षड्ज वजा केला की नेमके ६५.४ उरतात. ज्या कीबोर्डात स्केल ट्यूनिंगची (एकेक स्वर वेगळा चढवण्या-उतरवण्याची) सोय आहे त्यावर गंधार १४ सेंट उतरवून हा प्रयोग अवश्य करावा. तीच दोन बोटे, तोच अॅम्प, तोच नॉब, आणि खालची घरघर एकदम षड्जाला टेकते. मला स्वतःला श्रुतींच्या चर्चेत वर्षानुवर्षे जे नीट उमगले नव्हते ते या एका प्रयोगाने उमगले, आणि तेही गिटारच्या अॅम्पने शिकवावे ही गंमतच म्हणायची.

षड्ज-मध्यमाची जोडी आणखी वेगळा खेळ करते. मध्यम ३४९.२, षड्ज २६१.६, फरक ८७.६, आणि अतिमंद्र मध्यम ८७.३. म्हणजे खाली मध्यम भरला जातो आणि कान नकळत मध्यमालाच षड्ज मानू लागतो. एखाद्या गाण्याच्या ओळीवर नुसते सा-म धरून ठेवले तर गायक क्षणभर चाचपडतो, हे तालमीत दिसले आहे. त्याचे कारण त्याला सांगता येत नाही, पण त्याच्या पायाखालची जमीन सरकलेली असते.

या सगळ्यातून वाजवण्याचा जो रिवाज ठरतो तो असा की अॅम्प जितका फाटवायचा तितकी बोटे कमी करावीत. पूर्ण तीन-चार सुरांचा कॉर्ड स्वच्छ अॅम्पवरच धरावा. फाटलेल्या अॅम्पवर सा-प पुरतो, आणि गंधार हवाच असेल तर तो वरच्या सप्तकात न्यावा. तेव्हा वजाबाकी ३९७.६वर, म्हणजे मध्य पंचमाच्या परिसरात पडते आणि खर्जातली घरघर जाते. डावा हात शक्यतो मांडीवर ठेवावा. बास गिटारवाला असताना त्याचे काम आपण करण्यात तसेही शहाणपण नाही. एका वेळी एकच सूर देणारी लीड मात्र कितीही फाटवली तरी मळत नाही, कारण तिथे वजाबाकी करायला दुसरा सूरच नसतो. पिच बेंडच्या चाकावर मींड घेत ती वाजवली, तर गिटारवादक कोणाचे सोलो चालले आहे हे पाहायला मान वळवतो.

जोडणीत सर्वांत आधी पातळीचा मेळ बसवावा लागतो. गिटारचा साधा पिकअप सरासरीने शंभर-दोनशे मिलीव्होल्ट देतो आणि अॅम्पची पहिली पायरी त्याच अंदाजाने बांधलेली असते. कीबोर्डची लाइन पातळी व्होल्टच्या घरात जाते. कीबोर्डची आवाजाची पट्टी पूर्ण वर ठेवून जोडले तर पहिलाच व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टर गुदमरतो आणि जे फाटणे ऐकू येते ते आपण मागितलेले नसते: कोरडे, कर्कश, हाताच्या दाबाला दाद न देणारे. इंपीडन्सची (विजेला होणाऱ्या अडथळ्याची) भीती मात्र बाळगू नये. अॅम्पचे इनपुट साधारण १ मेगाओहमचे असते आणि कीबोर्डला त्याचा काहीच भार वाटत नाही. जुन्या पद्धतीच्या अॅम्पवर दोन छिद्रे असतील तर ‘लो’ लिहिलेले घ्यावे, ते ६ डेसिबलने कमी संवेदनशील असते. त्यानंतर अॅम्पचा गेन (पहिल्या पायरीची वाढ ठरवणारा नॉब) खाली आणि कीबोर्डची आवाजाची पट्टी पाव उघडी ठेवून, सर्वांत जोराचा जो तुकडा वाजवायचा आहे तोच वाजवत दोन्ही हळूहळू वाढवावेत. हळू आवाजात जुळवलेली पातळी कार्यक्रमात कधीच टिकत नाही, कारण मांडवात आपला हात घरच्यापेक्षा जड पडतो.

एक्स्प्रेशन पेडल असेल तर त्याचे काम इथे बदलते, आणि मला हे फार आवडते. मिक्सरमध्ये थेट वाजवताना पेडलने आवाज फक्त लहानमोठा होतो. अॅम्पच्या आधी तेच पेडल आले की पाय वर असताना ऑर्गन स्वच्छ, आणि दाबत नेला की आवाज थोडासा वाढून पोत भराभर बदलत जातो, गुळगुळीतपासून खरबरीतपर्यंत. कडव्याखाली पाय वर, आणि कडवे संपून तबला-ढोलकीचा उठाव आला की पाय खाली; टोन बदलण्याची धावपळच उरत नाही. कीबोर्डमधले रिव्हर्ब आणि कोरस मात्र आधी बंद करावेत. फाटण्याच्या आधी आलेले रिव्हर्ब स्वतःही फाटते आणि सुरांच्या मधल्या मोकळ्या जागा चिखलाने भरून टाकते. अॅम्पमध्ये स्प्रिंगचे रिव्हर्ब असेल तर ते वापरावे. ते फाटण्याच्या नंतर येते, आणि सिंथच्या कोरड्या लहरीला ती थरथरती पत्र्याची शेपूट शोभून दिसते. अट इतकीच की अॅम्प लाकडी मंचावर नाचणाऱ्या मुलांपासून दूर असावा, नाही तर प्रत्येक उडीला स्प्रिंग एकमेकींवर आपटून वीज कोसळल्यासारखा आवाज करतात.

स्पीकरच्या प्रकृतीचीही काळजी घ्यावी लागते. सिंथचा ४० हर्ट्झचा बास गिटारच्या स्पीकरमधून नीट ऐकू तर येत नाहीच, पण ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवत जातो आणि शंकू त्याच्या मर्यादेबाहेर ये-जा करत राहतो. शंकू कागदाचा आणि त्याची चाल थोडी. तो फाटला तर दुरुस्ती स्वस्त नसते. ८० हर्ट्झच्या खालचे सगळे कीबोर्डच्या किंवा मिक्सरच्या लो-कटने आधीच कापून टाकावे. दुसऱ्याचा अॅम्प उसना आणलेला असेल तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण मैत्री स्पीकरपेक्षा नाजूक असते.

नुसता अॅम्पच वापरायचा असेल तर अॅम्प एक, इनपुट एक. तेव्हा डाव्या बाजूच्या ‘मोनो’ लिहिलेल्या जॅकचाच वापर करावा. दोन्ही जॅक वाय-वायरने एकत्र गुंफण्याची जी पद्धत आहे ती टाळावी.

मंचावर माझी जोडणी अशी असते. कीबोर्डचे उजवे आउटपुट डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरच्या माइक-इनपुटला जुळवणाऱ्या डब्यातून) सरळ मिक्सरला जाते. डावे जाते गिटारच्या अॅम्पला, आणि अॅम्पसमोर माइक लागतो. प्रत्येक टोन कोणत्या बाजूला जाणार हे पॅन (आवाज डाव्या-उजव्या आउटपुटकडे वळवण्याची सोय) पूर्ण डावीकडे किंवा उजवीकडे नेऊन आधीच साठवून ठेवलेले असते. पेटी, पायपेटी, बासरी, व्हायोलिनचा पट उजवीकडे. ऑर्गन, इलेक्ट्रिक पियानो आणि लीड डावीकडे. यात स्टिरिओ गमवावा लागतो, पण मांडवात दोन्ही बाजूंचे कॉलम एकच आवाज देत असताना त्या स्टिरिओचे कौतुक तसेही कोणाला होते? नाट्यपदाच्या पायपेटीला मी अॅम्पच्या वाऱ्यालाही उभे करत नाही. पायपेटीच्या सुरात भात्याचा श्वास असतो, पट्टी सोडतानाचा लाकडी खट् असतो, आणि तो सगळा ऐवज वरच्या कंप्रतांत राहतो. गिटारच्या स्पीकरने तो गिळला तर उरलेला आवाज शाळेतल्या प्रार्थनेच्या पेटीचाही राहत नाही.

माइक शुअरचा एसएम५७ मिळाला तर उत्तम, तो नसेल तर भाषणाचा साधा डायनॅमिक माइकही चालतो. त्याची जागा मात्र हाताने शोधावी लागते. जाळीच्या कापडामागे टॉर्च मारली की शंकूच्या मधली गोल टोपी दिसते. माइक टोपीच्या अगदी समोर धरला तर आवाज टोकदार येतो, कडेकडे सरकवत नेला तर मऊ आणि जाड होत जातो. दोन बोटांच्या अंतराने टोनचा स्वभाव पालटतो. ऑर्गनसाठी मी टोपी आणि कागद जिथे मिळतात तिथे, कापडाला जवळजवळ टेकवून ठेवतो. ही जागा सापडली की कापडावर खडूने बारीकशी खूण करावी, कारण दुसऱ्या दिवशीच्या मांडवात पुन्हा शोधायला कोणी वेळ देत नाही.

या दुहेरी जोडणीची किंमत म्हणजे भुणभुण. कीबोर्डची एक वायर मिक्सरला, दुसरी अॅम्पला, आणि मिक्सर व अॅम्प दोघेही आपापल्या तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंगला. त्यामुळे जमिनीतून फिरून येणारे एक वर्तुळ पूर्ण होते आणि त्यात ५० हर्ट्झची वीज व तिचे उपस्वर घुमू लागतात. मांडवातले वायरिंग एका खांबावरून, मंचाचे दुसऱ्या घरातून, असे असेल तर विचारूच नये. यावर मंडळातला कोणी तरी हमखास अॅम्पची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला देतो. भुणभुण त्याने थांबतेही, आणि अॅम्पमध्ये बिघाड झाला तर गिटारवादकाच्या तारांतून आणि गायकाच्या माइकमधून वीज वाहायला वाट मोकळी होते. पावसाळ्यात, ओल्या गालिच्यावर. हा उपाय कोणी करू लागला तर त्याचा हात धरावा. खरा उपाय मिक्सरकडे जाणाऱ्या वायरीवर ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स लावून त्याचे ग्राउंड-लिफ्टचे (दोन बाजूंच्या अर्थिंगची जोड तोडणारे) बटण दाबणे हा आहे, आणि मिक्सर व अॅम्प एकाच बोर्डावरून घेतले तर बऱ्याचदा त्याचीही गरज पडत नाही. असे डबे, चांगले जॅक आणि जाड वायर जेल रोडवर हिंडले की मिळून जाते.

अॅम्प कोणता घ्यावा याविषयी माझे मत थोडक्यात सांगतो. माइक लावणारच असू तर १५ ते ३० वॉट आणि एक बारा इंची स्पीकर पुरे. व्हॉल्व्हचा १५ वॉटचा अॅम्प पूर्ण रंगात आणला तर सोसायटीतल्या तालमीत तो सहन होत नाही, आणि अर्ध्यावर ठेवला तर त्याचा हवा तो गुण दिसत नाही, म्हणून मी ट्रान्झिस्टरवर समाधानी आहे. स्वच्छ आवाजासाठी रोलंडचा १९७५ सालचा जेसी-१२० हा ट्रान्झिस्टरचाच अॅम्प कीबोर्डवाल्यांनीही आपला मानला, हे लक्षात घेता ट्रान्झिस्टरला नाके मुरडण्याचे कारण नाही. फाटवण्यासाठी अॅम्पच्या आधी एक साधे ओव्हरड्राइव्हचे पेडल ठेवावे. ज्याला एकच पेटी परवडणार आहे आणि सगळेच टोन तिच्यातून काढायचे आहेत, त्याने मात्र ट्विटर असलेला कीबोर्डचाच अॅम्प घ्यावा आणि ऑर्गनपुरती अॅम्पची नक्कल पेडलमधून मिळवावी. स्पीकरच्या उताराची नक्कल त्या पेडलमध्ये आहे ना, एवढे विकत घेण्यापूर्वी विचारावे. ती नसेल तर फाटलेला ऑर्गन ट्विटरमधून मधमाश्यांसारखा बाहेर पडतो आणि पहिल्या रांगेतल्या आजी कानावर पदर घेतात.